पायलट व्हायचंय आणि चष्मा आहे? डोळ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं नागरी विमानांच्या वैमानिकांसाठी आहेत: प्रवासी विमानं, मालवाहू विमानं आणि हौसेखातर उडवायची छोटी विमानं. हवाई दलाचं गणित निराळं आहे, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न घेतला आहे. किमान निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमानचालन संघटना, म्हणजे इकाओ, ठरवते. अमेरिकेची एफएए, युरोपची ईसा, भारताची डीजीसीए असे नियामक त्यावर आपापले तपशील ठरवतात. तुम्ही ज्या देशाचं लायसन्स घेणार, त्या देशाच्या नियामकाचा शब्द अखेरचा.

चष्मा असेल तर पायलट होता येतं का?

हो. निःशंकपणे हो.

इकाओच्या निकषात चष्म्याशिवाय किती दिसलं पाहिजे याला मर्यादाच नाही. चष्मा किंवा लेन्स लावून तुम्हाला किती दिसतं, एवढंच मोजलं जातं. पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेतही १९९६ पर्यंत वरच्या वर्गाच्या मेडिकलसाठी, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीसाठी, उघड्या डोळ्यांच्या नजरेला खालची मर्यादा होती. घरातले काका-मामा “चष्मा लागला, आता विसर” म्हणतात ते त्या काळच्या ऐकीव माहितीवर. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, फक्त त्यांच्या सांगण्यावरून निर्णय घेऊ नका.

चष्मा लावून पास झालात तर मेडिकल प्रमाणपत्रावर तशी अट छापून येते: उड्डाण करताना चष्मा किंवा लेन्स लावलेली असली पाहिजे आणि सुटा चष्मा हाताशी असला पाहिजे. हाताशी म्हणजे हाताशीच. मागच्या कप्प्यातल्या बॅगेच्या तळाशी ठेवलेला चष्मा त्यात मोजला जात नाही.

नेमकं किती दिसायला हवं?

व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन मेडिकल लागतं. त्यासाठी इकाओचा निकष असा: प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६. हौशी उड्डाणाच्या क्लास टू मेडिकलसाठी प्रत्येक डोळ्याला ६/१२ आणि दोन्ही मिळून ६/९ चालतं. एअर ट्रॅफिक कंट्रोलरला क्लास थ्री लागतं आणि त्याचे लांबच्या नजरेचे आकडे क्लास वनसारखेच आहेत.

एफएए फर्स्ट क्लाससाठी थोडी कडक आहे: प्रत्येक डोळ्याने स्वतंत्रपणे २०/२०, म्हणजेच ६/६. थर्ड क्लासला (एफएएकडे हा हौशी वैमानिकांचा वर्ग) मात्र २०/४० पुरतं. हे सगळे आकडे चष्मा लावून मिळाले तरी चालतात.

माझा नंबर उणे तीन आहे. मग माझी नजर ६/किती?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यांची गल्लत करतो.

उणे तीन हा चष्म्याच्या भिंगाचा नंबर, तो डायॉप्टरमध्ये मोजतात. डोळ्याला किती ताकदीचं भिंग द्यावं लागतं ते तो सांगतो. ६/६ हा नजरेचा बारीकपणा आहे. सहा मीटरवरून तक्ता वाचायला सांगतात. ६/६ च्या ओळीतलं अक्षर त्या अंतरावरून डोळ्याशी पाच कलांचा कोन करतं आणि त्या अक्षरातली एकेक रेघ एक कला जाडीची असते. (एका अंशात साठ कला.) म्हणजे प्रत्यक्षात ते अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. ६/९ म्हणजे ज्या आकाराचं अक्षर सामान्य नजरेला नऊ मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला तुम्हाला सहा मीटरपर्यंत पुढे यावं लागतं. फूट वापरणारे देश तेच २०/२०, २०/३० असं लिहितात.

त्यामुळे उणे सहा नंबरचा माणूस चष्मा लावून आरामात ६/६ वाचतो आणि शून्य नंबरचा एखादा लहानपणच्या आळशी डोळ्यामुळे ६/१२ च्या पुढे जात नाही. मेडिकलमध्ये अडचण येते ती दुसऱ्याला.

जवळचं पण तपासतात का?

तपासतात. इकाओच्या निकषात तीस ते पन्नास सेंटिमीटरच्या दरम्यान तुम्ही निवडाल त्या अंतरावर एन ५ हा बारीक छाप वाचता आला पाहिजे आणि एक मीटरवर एन १४ हा त्याहून मोठा छाप. पहिलं अंतर मांडीवरच्या चार्टचं, दुसरं समोरच्या पॅनेलचं. विशीत याची काळजी करायचं सहसा कारण नसतं. नंतर असतं, त्याबद्दल पुढे.

नंबर फारच मोठा असेल तर?

इथे ‘चष्मा चालतो’ या उत्तराला थोडी पुरवणी जोडावी लागते.

चष्म्याविना एखाद्या डोळ्याची नजर ६/६० पेक्षा कमी असेल तर इकाओच्या निकषानुसार पहिल्या मेडिकलच्या आधी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नेत्रतज्ज्ञाचा पूर्ण अहवाल लागतो. उणे चार-पाचच्या पुढचे बहुतेक जण यात येतात. युरोपात उणे सहाच्या किंवा अधिक पाचच्या पलीकडचा नंबर असेल तर केस जास्त बारकाईने पाहिली जाते. दोन डोळ्यांच्या नंबरांत दोन डायॉप्टरहून जास्त फरक असला तरी तसंच.

कारण फक्त चष्म्याची जाडी नव्हे. मोठ्या उणे नंबरचा डोळा मुळात लांबट असतो, आतला पडदा ताणला जातो आणि कडेला पातळ पडू शकतो. अशा ठिकाणी छिद्र पडून पडदा सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडद्याच्या कडा बघतात. तिथे काही सापडलं आणि वेळेवर लेझर करून घेतलं तर बहुतेकदा काम भागतं. नंबर मोठा असेल तर ही तपासणी मेडिकलची वाट न पाहता स्वतःहून करून घ्या. पायलट व्हायचं नसलं तरी.

आणि हो, जाड भिंगातून कडेचं जग आक्रसतं आणि वाकतं. म्हणून इकाओच मोठ्या नंबरला कॉन्टॅक्ट लेन्स किंवा हाय-इंडेक्स भिंगं सुचवते.

सिलिंड्रिकल नंबर आहे. अडचण?

भिंगाने नीट सुधारत असेल तर नाही. मात्र तो दरवर्षी वाढत असेल तर कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा) नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, काढून घ्या. केरॅटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया शंकूसारखा पुढे येत जातो आणि त्याची पहिली खूण बरेचदा हीच असते. डोळे सारखे चोळायची सवय असेल तर ती आजच मोडा.

रंग नीट ओळखता येत नाहीत. मग काय?

खरी चाळणी ही आहे. चष्म्याच्या प्रश्नावर मुलं झोप घालवतात आणि ज्या एका गोष्टीला चष्मा, औषध, ऑपरेशन काहीच लागू पडत नाही ती तपासायची राहून जाते.

लाल-हिरव्या रंगांतला दोष जन्मजात असतो, एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत बराच जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण शंभरात आठ जणांना तो असतो, बायकांत दोनशेत एखादीला. ‘रंगांधळा’ हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की त्यांना सगळं काळंपांढरं दिसत असेल. तसं नसतं. बहुतेकांना रंग दिसतात, फक्त काही छटा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे कित्येकांना मेडिकलच्या खोलीत ठिपक्यांची पानं पुढ्यात येईपर्यंत आपल्याला दोष आहे याची कल्पनाच नसते.

विमानात रंगाचं काम काय? धावपट्टीच्या सुरुवातीचे दिवे हिरवे, शेवटचे लाल, कडेचे पांढरे, टॅक्सीवेच्या कडेचे निळे. समोर दिसणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा, त्यावरून ते तुमच्याकडे येतंय की लांब जातंय हे रात्री कळतं. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिव्याने इशारे देतात, स्थिर हिरवा म्हणजे उतरा आणि स्थिर लाल म्हणजे वाट द्या, घिरट्या घालत राहा. कॉकपिटच्या पडद्यांवर इशाऱ्याचे रंग आहेतच.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण ‘पापी’ दिव्यांचं. (नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, दिव्यांनी काही पाप केलेलं नाही.) धावपट्टीच्या बाजूला चार दिवे एका ओळीत असतात. उतरताना दोन पांढरे, दोन लाल दिसले तर तुम्ही योग्य उंचीवर आहात. चारही पांढरे दिसले तर फार वर, चारही लाल दिसले तर फार खाली. हे दिवे आकाराने सारखे आणि एकाच ओळीत आहेत, फरक फक्त रंगाचा. २६ जुलै २००२ ला पहाटेच्या अंधारात फेडेक्सचं मालवाहू बोइंग ७२७ फ्लोरिडातल्या टॅलाहासी इथे उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. पापीचे दिवे विमान खाली आहे असं सांगत होते. विमान फर्स्ट ऑफिसर उडवत होता आणि त्याच्या रंगदृष्टीत मोठा दोष असल्याचं चौकशीत निष्पन्न झालं. थकवा आणि कार्यपद्धती न पाळणं ही कारणंही अहवालात आहेत. रंगदोष अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये नोंदवला गेला. तिघेही कर्मचारी वाचले.

इशिहारात नापास झालो. सगळं संपलं?

नाही. ठिपक्यांच्या त्या पानांची चाचणी जपानी डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी तयार केली, पहिल्यांदा छापली १९१७ मध्ये. ती दोष पकडण्यात हुशार आहे, दोष किती आहे हे सांगण्यात नाही. म्हणून पुढची पायरी असते. ईसाच्या पद्धतीत चोवीस पानांच्या आवृत्तीतली पहिली पंधरा पानं बिनचूक ओळखली तर पास, नाहीतर अॅनोमॅलोस्कोप (रंग मिसळून जुळवायला लावणारं यंत्र) किंवा तत्सम उपकरणावर पुन्हा तपासणी. लंडनच्या सिटी विद्यापीठात विकसित झालेली ‘कॅड’ ही संगणकावरची चाचणी दोषाची तीव्रता आकड्यात मोजते, आणि सौम्य दोष असलेले काही जण तिच्यात पास ठरतात. एफएएनेही १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जदारांसाठी संगणकावरच्या ठरावीक चाचण्या सक्तीच्या केल्या.

तेव्हा पुढच्या चाचणीचा हक्क आहे का, ती कुठे होते, हे नियामकाला विचारा. दोष तीव्र निघाला तर मात्र व्यावसायिक उड्डाणाचा नाद सोडून विमानाशी निगडित दुसरी वाट शोधलेली बरी. हे वाचायला बरं वाटत नाही, मला लिहायलाही नाही. पण अर्धं प्रशिक्षण झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं केव्हाही चांगलं.

इशिहाराची पानं पाठ केली तर? रंगीत चष्म्याने रंग दिसतात म्हणतात, तो लावला तर?

पानांचा क्रम बदलतात, संगणकावर तर पाठांतराला वावच नाही. रंगदोषासाठीचे रंगीत चष्मे आणि लेन्स चाचणीत लावू देत नाहीत. ते काही छटांमधला फरक वाढवतात, पण त्या बदल्यात दुसऱ्या काही झाकतात आणि रात्री प्रकाश कमी करतात. आणि समजा फसवणूक जमलीच, तरी पुढे धुक्यातल्या चार दिव्यांना फसवता येणार नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स चालतात का?

चालतात. अटी साध्या आहेत: एकाच नंबरच्या म्हणजे मोनोफोकल, बिनरंगी, डोळ्याला सोसणाऱ्या, आणि सुटा चष्मा जवळ.

प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये हवा फार कोरडी असते. लांबच्या उड्डाणात आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते, आणि पडद्यांकडे एकटक बघताना माणूस पापण्याही कमी मिटतो. लेन्स सुकते, दृष्टी धुरकटते. म्हणून लेन्स वापरणारे बरेच वैमानिक लांबच्या फेरीला सरळ चष्माच लावतात.

एका प्रकारच्या लेन्स मात्र नकोतच. चाळिशीनंतर काही जणांना एका डोळ्यात लांबची आणि दुसऱ्यात जवळची लेन्स देतात, त्याला मोनोव्हिजन म्हणतात. जमिनीवर वावरायला सोयीचं आहे. १९ ऑक्टोबर १९९६ ला डेल्टाचं एमडी-८८ विमान न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर पावसात, पाण्यावरून उतरत होतं. खाली खुणा नव्हत्या, उजेड अपुरा होता, धावपट्टीचे दिवे असमान अंतरावर होते. विमान प्रमाणाबाहेर खाली आलं, दिव्यांच्या सांगाड्याला धडकलं आणि चाकं गमावून धावपट्टीवर घसरत गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. कॅप्टनने मोनोव्हिजन लेन्स घातल्या होत्या. अशा दृश्यात अंतराचा जो भास होतो तो त्या लेन्समुळे त्याला ओलांडता आला नाही, असं चौकशी मंडळाने मुख्य कारणातच लिहिलं. दोन डोळ्यांनी मिळून अंतराचा अंदाज घ्यायचा असतो, आणि त्यातला एक डोळा लांबच्यासाठी मुद्दाम धूसर केलेला होता.

चष्म्याच्या दुकानात लेन्स घेताना आपण वैमानिक आहोत हे सांगाच. समोरच्याला ते आपणहून कळणार नाही.

रात्री घालून झोपायच्या आणि सकाळी काढायच्या लेन्स?

ऑर्थो-के म्हणतात त्यांना. झोपेत त्या कॉर्निया दाबून सपाट करतात, दिवसभर चष्म्याविना दिसतं, मग परिणाम हळूहळू ओसरतो. ईसाला त्या मान्य नाहीत, एफएए अटींवर मान्य करते. संध्याकाळपर्यंत नजर किती उरेल यावर ड्यूटी अवलंबून ठेवायची ही कल्पना मला पटत नाही.

आत्ताच लेसिक करून मोकळा होऊ का?

थांबा. हा प्रश्न ज्या घाईने येतो ती घाईच बहुतेकदा चुकीची असते.

पहिली गोष्ट, चष्म्यावर पास होत असाल तर नागरी मेडिकलसाठी ऑपरेशनची गरजच नाही. चष्मा नको म्हणून करायचं असेल तर जरूर करा, पण ते ‘पायलट होण्यासाठी’ आहे असं स्वतःला सांगू नका.

दुसरी, नंबर स्थिर हवा. विशीच्या आतबाहेर तो अनेकांचा हलत असतो. निदान वर्षभर नंबर बदललेला नसावा असं सर्जनही म्हणतात. सतराव्या वर्षी केलेलं ऑपरेशन एकविसाव्या वर्षी पुन्हा चष्मा घेऊन येतं.

तिसरी गोष्ट मायक्रॉनची. कॉर्नियाची जाडी मधोमध सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसिकमध्ये वरचा १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि खालचा भाग लेझरने घासतात, एका डायॉप्टरला साधारण १२ ते १५ मायक्रॉन. खाली किमान २५० मायक्रॉन तरी शिल्लक राहावेत हा जुना दंडक. उणे तीनच्या माणसाला यात भरपूर जागा मिळते. पण कॉर्निया ४८० आणि नंबर उणे आठ असेल तर हिशेब करून बघा: पापुद्र्याचे ११०, घासायचे सुमारे ११०, उरले २६०. अगदी काठावर. पुढे थोडा नंबर परत आला तर दुरुस्तीला जागा नाही. अशा वेळी चांगला सर्जन नाही म्हणतो. तो नाही म्हणाला म्हणून ‘हो’ म्हणणारा शोधत फिरू नका.

चौथी गोष्ट रात्रीची. अंधारात बाहुली पसरते आणि घासलेल्या भागाच्या कडेतूनही प्रकाश आत येतो. मग दिव्यांभोवती वलयं, चकाकी, काळ्यावर करडं न दिसणं. दुकानात-बाजारात हे जाणवत नाही, रात्रीच्या धावपट्टीवर जाणवतं. बहुतेकांत ते काही महिन्यांत कमी होतं, काहींत राहतं. म्हणून ऑपरेशननंतर नियामक फक्त ६/६ वर समाधानी नसतात. युरोपच्या निकषात दिवसभरातला नंबरचा चढउतार ०.७५ डायॉप्टरच्या आत, चकाकी सहन करण्याची क्षमता सामान्य आणि मंद उजेडातली कॉन्ट्रास्ट ओळखण्याची शक्ती शाबूत, एवढं सगळं लागतं.

लेसिक, पीआरके, स्माइल, आयसीएल. यातलं कुठलं?

ते डोळा ठरवतो, जाहिरात नाही. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो, त्यामुळे आघाताने तो सरकायची भीती नाही, मात्र सुरुवातीचे दिवस दुखतं आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो. स्माइलमध्ये छोट्या छेदातून आतली चकती काढतात. आयसीएलमध्ये कॉर्नियाला हात न लावता डोळ्यात भिंग बसवतात. मोठ्या नंबरला ते सोयीचं, पण ते प्रत्येक नियामकाला सारखंच चालतं असं नाही, आधी विचारा. जुन्या काळची चिरा देऊन करायची आरके शस्त्रक्रिया मात्र उंचीवर नंबर बदलण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आता ती कुणी सुचवत नाही, सुचवलीच तर उठून या.

ऑपरेशननंतर मेडिकलसाठी किती थांबायचं याचा कालावधी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, देशानुसार आणि पद्धतीनुसार बदलतो. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाचा नकाशा आणि शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा. ‘आधी नंबर किती होता?’ हे हमखास विचारतात.

ऑपरेशन केलंय हे सांगितलंच नाही तर?

टोपोग्राफीच्या यंत्रावर मधोमध सपाट झालेला कॉर्निया लख्ख दिसतो. आणि मेडिकल फॉर्मवर खोटी माहिती देणं हा ऑपरेशनपेक्षा फार मोठा अडथळा आहे. सांगितलेलं लेसिक बहुतेकदा पास होतं, लपवलेलं लेसिक लायसन्स घालवतं.

एकाच डोळ्याने दिसतं. काही आशा?

वायली पोस्ट या अमेरिकन वैमानिकाचा डावा डोळा १९२६ मध्ये तेलविहिरीवरच्या अपघातात गेला. भरपाईच्या पैशांतून त्याने विमान घेतलं आणि १९३३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला. ही गोष्ट सांगून आशा दाखवायचा मोह होतो, पण तो काळ वेगळा होता.

आजही एफएए एका डोळ्याच्या अर्जदाराला वाव देते: सहा महिने जुळवून घ्यायला, मग प्रत्यक्ष उड्डाणाची वैद्यकीय चाचणी. अनेक देश हौशी उड्डाणाला अटींसह परवानगी देतात, पण व्यावसायिक वर्गात नव्याने येणाऱ्याला बरेच जण नाकारतात. आधीच लायसन्स असलेल्याचा डोळा गेला तर त्याची केस निराळी, अनुभवाला तिथे वजन असतं.

तिरळेपणा किंवा लहानपणीचा आळशी डोळा?

डोळे किती वळतात यापेक्षा मेंदू दोन्ही चित्रं एकत्र ठेवू शकतो का, हे महत्त्वाचं. थकल्यावर एकाचे दोन दिसत असतील तर अडचण आहे. नसतील आणि प्रत्येक डोळ्याची नजर निकषात बसत असेल तर इकाओ नुसत्या तिरळेपणासाठी किंवा खोलीचा अंदाज थोडा कमी असल्यासाठी बाद करा म्हणत नाही. लहानपणी ऑपरेशन झालं असेल तर ते कागद शोधून ठेवा.

हवाई दलात जायचं असेल तर?

तिथे चष्म्याविना नजरेलाही मर्यादा असू शकते, ऑपरेशनाचा प्रकार, वय आणि आधीचा नंबर यांवरही. प्रत्येक देशाच्या आणि प्रत्येक शाखेच्या अटी वेगळ्या, आणि त्या बदलत असतात. म्हणून सेनादलाचा विचार असेल तर चालू वर्षाची अधिकृत अट वाचल्याशिवाय डोळ्याला लेझर लावू देऊ नका. काही ठिकाणी ऑपरेशनने दार उघडतं, काही ठिकाणी त्यानेच बंद होतं. नासाने अंतराळवीरांसाठी लेसिक आणि पीआरके २००७ मध्ये मान्य केलं, यावरून वाऱ्याची दिशा कळते, तुमच्या भरतीची अट नाही.

चाळिशी लागल्यावर काय होतं?

जवळचा चष्मा लागतो, वैमानिकाला इतरांसारखाच. फरक एवढाच की त्याला चार ठिकाणी बघायचं असतं: बाहेर, समोरच्या पॅनेलवर, मांडीवर आणि डोक्यावर. नेहमीच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा भाग खाली असतो. डोक्यावरच्या पॅनेलचं बटण वाचायला मान वर केली की डोळा लांबच्या भागातून बघतो आणि अक्षरं पुसट होतात. मग माणूस चष्मा कपाळावर चढवून हनुवटी आकाशाकडे करतो. यासाठी वरच्या बाजूलाही जवळचा तुकडा असलेली भिंगं मिळतात. चष्मा बनवताना आपल्या कॉकपिटमधली अंतरं सेंटिमीटरमध्ये मोजून न्या, दुकानदाराला अंदाज बांधायला लावू नका.

पन्नाशीनंतर एफएए बत्तीस इंचांवरची मधल्या अंतराची नजरही तपासते.

गॉगल कुठला घ्यावा?

करडा, म्हणजे रंग न बदलणारा, आणि पोलराइज्ड नसलेला. पोलराइज्ड काचेतून कॉकपिटचे काही पडदे एका कोनात काळे पडतात, समोरच्या काचेवर इंद्रधनुषी डाग दिसतात, आणि दूरच्या विमानावरून येणारी चमक, जी बघायची असते तीच, गाळली जाते. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा आत पुरेसा काळा होत नाही, कारण त्याला लागणारे अतिनील किरण कॉकपिटची काच बऱ्याच अंशी अडवते.

रात्री माझी नजर बरीच कमी वाटते. हा दोष आहे का?

काही अंशी सगळ्यांचंच तसं होतं. अंधाराला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि एक प्रखर दिवा क्षणात तो घालवतो. ऑक्सिजन कमी पडला की रात्रीची नजर सगळ्यात आधी ढासळते, दाब नसलेल्या विमानात पाच हजार फुटांपासूनच. सिगारेटने त्यात भर पडते. शिवाय अंधारात किंवा रिकाम्या आकाशाकडे बघताना डोळा आपोआप जवळ फोकस होतो, एक-दोन मीटरवर, आणि दूरचं विमान नजरेतून सुटतं. पण इतर लोक सहज चालतात तिथे तुम्ही ठेचकाळत असाल तर पडदा तपासून घ्या.

डोळ्यांच्या व्यायामाने नंबर जातो का?

नाही.

मग सुरुवात कुठून करू?

फी भरायच्या आधी डोळे. क्रम असा ठेवा: आधी रंगांची चाचणी, मग चष्म्यासकट पूर्ण नेत्रतपासणी, मग ज्या वर्गाचं लायसन्स हवंय त्याचं मेडिकल, आणि ते हातात आल्यावरच फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता. व्यावसायिक व्हायचं असेल तर क्लास टूवर समाधान मानून प्रशिक्षण सुरू करू नका. क्लास टूला चाललेली नजर क्लास वनला कमी पडू शकते आणि ते कळेपर्यंत पैसे गेलेले असतात.

मेडिकलच्या दिवशी काय काळजी घ्यावी?

सध्याच्या नंबरचा चष्मा, ओरखडे नसलेला, आणि सुटा चष्माही न्या. दोन्हींतून नजर तपासू शकतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर काही दिवस आधी बंद करा, कडक लेन्स असतील तर त्याहून बरेच आधी, कारण त्यांनी कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि नंबर खोटा येतो. आदल्या रात्री झोप पुरी करा, थकलेला डोळा शेवटची ओळ सोडतो. बाहुलीत थेंब घातले तर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आणि एखादं अक्षर पुसट दिसलं तर लगेच ‘दिसत नाही’ म्हणू नका. पापणी मिटा, पुन्हा बघा, अंदाजाने सांगा. अंदाज बरोबर आला तर तोही वाचल्यातच धरतात.